स्वावलंबी शिक्षण : श्रम कोणाचे, प्रतिष्ठा कोणाची?

वसाहतवादाच्या जोखडातून सुटलेल्या देशांच्या राज्यकर्त्यांनी शिक्षणाविषयी पुष्कळ लिहिले. त्यातले बहुतेक लेखन आयोगांच्या अहवालांत बंदिस्त झाले. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी मार्च १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेली 'स्वावलंबनासाठी शिक्षण' ही पुस्तिका याला अपवाद आहे. ती लहान आहे, तिची भाषा सामान्य माणसाला कळेल अशी आहे, आणि सत्तेवर बसलेल्या माणसाने आपल्याच राजवटीतील शाळांची इतकी परखड झडती घेतल्याची उदाहरणे विरळा आहेत. मी ती विद्यार्थी असताना वाचली, पुढे शिक्षक झाल्यावर वाचली. दोन्ही वेळा पानापानाशी सहमत होत असताना एका ठिकाणी अडलो. ही अडण्याची जागा माझी एकट्याची नाही. पिढ्यान् पिढ्या श्रम आणि केवळ श्रमच ज्यांच्या वाट्याला आले, त्या सर्वांची ती आहे. प्रस्तुत लेखात त्या जागेचा विचार करायचा आहे.

१

टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला. १९६४ मध्ये झांझिबारशी त्याचे एकीकरण होऊन टांझानिया हे राष्ट्र अस्तित्वात आले. इंग्रजांनी मागे ठेवलेली शिक्षणव्यवस्था वर्णाच्या पायावर उभी होती. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, आशियाई लोकांच्या वेगळ्या आणि आफ्रिकी माणसांच्या वेगळ्या. दर मुलामागे होणारा खर्चही त्याच उतरंडीने कमी कमी होत जाई. उतरंड हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. या उतरंडीच्या मधल्या पायरीवर हिंदुस्थानातून गेलेले लोक होते. त्यांत गुजराती व्यापारी होते, गोव्याहून गेलेले कारकून होते. गोऱ्यांनी आपल्याला खाली ठेवले याची त्यांना चीड होती, परंतु आपल्या खालीही कोणी आहे याचे समाधानही होते. वरच्याने केलेला अपमान खालच्यावर उतरवून मोकळे व्हायचे, ही विद्या त्यांना समुद्रापलीकडे जाऊन शिकावी लागली नसावी.

नव्या सरकारने वर्णावर आधारलेले हे वेगळेपण मोडले आणि शाळा सर्वांना खुल्या केल्या. न्येरेरे यांनी पुस्तिकेत स्वतःच आकडे दिले आहेत. १९६१ मध्ये प्राथमिक शाळांत ४ लाख ९० हजार मुले होती. १९६७ मध्ये ती ८ लाख २५ हजार झाली. माध्यमिक शाळांत १९६१ साली ११,८३२ मुले होती आणि त्यांपैकी सहाव्या फॉर्ममध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या उंबरठ्यावर, केवळ १७६ होती. एका संपूर्ण देशाला डॉक्टर, इंजिनिअर, न्यायाधीश आणि शिक्षक पुरवायचे ते या १७६ मधून. वसाहतवादाने आम्हाला सुशिक्षित केले असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

पुस्तिकेच्या मागे एक ताजा संताप होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये दारेसलामच्या विद्यापीठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेविरुद्ध मोर्चा काढला. सेवेच्या काळात पगाराचा मोठा हिस्सा कापला जाणार होता, हे त्यांचे मुख्य दुःख. ज्या देशात शेतकऱ्याची मिळकत वर्षाकाठी मूठभर शिलिंग, त्या देशाच्या पैशावर शिकणारी मुले त्याच शेतकऱ्यासाठी दोन वर्षे द्यायला कुरकुरत होती. न्येरेरे यांनी तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांना घरी पाठवले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. राज्यकर्त्यांचे पगारही फार आहेत असे म्हणून त्यांनी स्वतःच्या पगारात २० टक्के कपात केली. नैतिक बळाचा असा प्रयोग आपल्या मंत्रालयांत कोणी केल्याचे मला आठवत नाही. त्यानंतर फेब्रुवारी १९६७ मध्ये अरुशा जाहीरनामा आला, आणि मार्चमध्ये ही पुस्तिका.

२

पुस्तिकेचे निदान असे आहे. वसाहतकालीन शाळा थोड्यांसाठी आहे आणि थोड्यांना निवडण्यासाठीच ती पुष्कळांना आत घेते. प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी फक्त १३ टक्के मुलांना माध्यमिक शाळेत जागा मिळते. उरलेल्या ८७ टक्क्यांना शाळेने एकच गोष्ट शिकवलेली असते, ती म्हणजे ते नापास आहेत. निवडलेल्यांना ती शिकवते की हाताने काम करणारा माणूस कमी दर्जाचा. मूल गावातच राहून गावापासून तुटते. पुस्तकात असते तेवढेच ज्ञान, आणि अडाणी बापाजवळ शिकण्यासारखे काही नाही, असे त्याला वाटू लागते.

या निदानातील एकही वाक्य मला खोडावेसे वाटत नाही. त्याच दारेसलामच्या विद्यापीठात शिकवणारे वॉल्टर रॉडनी यांनी १९७२ मध्ये युरोपने आफ्रिकेचा विकास कसा खुंटवला यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा वसाहतीच्या शाळेविषयी त्यांनाही याच दिशेने जावे लागले. महात्मा फुले यांनी तर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना रयतेच्या करातून उच्चवर्णीयांची महाविद्यालये चालतात आणि रयतेची पोरे अक्षराला मुकतात, हे मांडून ठेवले होते. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सिद्धांत दोन खंडांत एकाच साम्राज्याने वापरला. दोन्हीकडे विद्या झिरपली नाही. झिरपला तो न्यूनगंड.

निदानानंतर उपाय येतो. मुलांनी सात वर्षांचे झाल्यावर शाळेत यावे, म्हणजे शाळा संपताना ती काम करण्याच्या वयाची असतील. प्राथमिक शिक्षण हे माध्यमिकाची पूर्वतयारी नसून स्वतःत पूर्ण असावे. परीक्षेचे महत्त्व कमी व्हावे. प्रत्येक शाळेला शेत किंवा एखादा उद्योग असावा आणि शाळेने आपल्या खर्चाचा भार काही अंशी स्वतः उचलावा. शाळेची झाडलोट आणि बागकाम करायला नोकर कशाला हवेत, मुलांनीच ते करावे. शेतातले उत्पन्न कसे वापरायचे हेही मुलांनीच ठरवावे.

मी अडतो तो या ठिकाणी.

३

हे लिहिणारा माणूस कोण होता, हे विचारणे म्हणजे त्याचा अधिक्षेप करणे नव्हे. न्येरेरे हे झनाकी जमातीच्या प्रमुखाचे पुत्र. इंग्रजांनी जमातप्रमुखांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून चालवलेल्या ताबोराच्या सरकारी शाळेत ते शिकले. पुढे युगांडातील माकेरेरे आणि त्यानंतर एडिंबरो विद्यापीठ, तेथून १९५२ मध्ये एम. ए. ही पदवी. परत येऊन ते शिक्षक झाले आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही जनता त्यांना 'म्वालिमु', म्हणजे गुरुजी, असेच म्हणत राहिली. शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' त्यांनी स्वाहिलीत आणले. म्हणजे ज्या दाराने फार थोडे आत जाऊ शकतात, त्या दारातून हा माणूस आत गेला होता आणि आतली सगळी दालने पाहून आला होता. तेथून परतून तो बाहेरच्या रांगेतील मुलांना सांगतो की या दाराकडे डोळे लावून बसू नका, शेतीतही जीवनाची सार्थकता आहे.

त्यांचा हेतू निर्मळ होता. देशाजवळ पैसा नव्हता, सरकारी खर्चाचा सुमारे पाचवा हिस्सा शिक्षणावर जात होता, बहुसंख्य मुले शेतीतच राहणार होती. हे सारे खरे आहे. तरीही वाचक म्हणून मला पुस्तिकेच्या 'आपण' या सर्वनामाची झडती घ्यावीशी वाटते. 'आपण सर्वांनी श्रम करावेत' या वाक्यातील 'आपण' आणि 'आपल्याजवळ जागा थोड्या आहेत' या वाक्यातील 'आपण' एकच आहेत काय? श्रमाच्या वेळी सगळे एक होतात आणि जागेच्या वेळी १३ आणि ८७ असे दोन भाग पडतात. ज्याची मुले त्या १३ मध्ये हमखास जाणार, त्याला श्रमप्रतिष्ठेचे तत्त्वज्ञान फुकट मिळते. ज्याची मुले ८७ मध्ये आहेत, त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

श्रमाला प्रतिष्ठा हवी, यावर दुमत नाही. पण प्रतिष्ठा ही शिकवण्याची वस्तू नाही. ती मजुरीत दिसते, जमिनीच्या मालकीत दिसते, दवाखान्याच्या ओळीत कोणाला आधी बोलावले जाते त्यात दिसते. शाळेत कुदळ धरायला लावायची आणि शाळेबाहेर कुदळ धरणाऱ्याला सर्वांत कमी मोल द्यायचे, तर मूल कोणाचे ऐकेल? मूल समाजाचे ऐकते. पोराला शेत नको वाटते ते त्याची बुद्धी बिघडली म्हणून नव्हे. त्याला जगाचा हिशेब बरोबर कळलेला असतो, म्हणून.

४

आपल्या देशातील वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. तिच्यातही शाळेने आपला खर्च हस्तोद्योगातून भागवावा ही अपेक्षा होती आणि 'स्वावलंबी' हाच शब्द होता. न्येरेरे यांनी तो तेथून घेतला असे मी म्हणत नाही. गरीब देशातील सद्भावनाशील नेत्याला हा मार्ग सुचतोच, एवढेच म्हणतो.

पण स्वतंत्र भारतात या विचाराचे टोक कोठवर गेले, ते मद्रास राज्यात दिसले. १९५३ मध्ये मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांचे तास दिवसाला तीनवर आणले आणि उरलेल्या वेळात मुलाने घरी बापाचा धंदा शिकावा असे ठरवले. न्हाव्याच्या पोराने वस्तरा धरावा, चांभाराच्या पोराने रापी, आणि पुरोहिताच्या पोराने काय धरावे हे वेगळे सांगायला नको. पेरियार आणि द्रविड चळवळीने याला कुलशिक्षण, म्हणजे जातीचे शिक्षण, असे खरे नाव दिले आणि रान उठवले. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराजांनी ती योजना रद्द केली. एका नवस्वतंत्र देशातील शिक्षणसुधारणा ज्यांच्यासाठी म्हणून केली गेली, त्यांनीच ती मोडून काढली. शिक्षणाच्या इतिहासाच्या पुस्तकांत या घटनेला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळत नाही.

आमच्या शाळेत 'कार्यानुभव' नावाचा तास होता. वेळापत्रकात सर्वांचा विषय एकच होता. प्रत्यक्षात कोणी कागदाची फुले करीत, कोणी पुठ्ठ्याचे घर करीत, आणि आमच्या वाड्यातील मुलांच्या हाती खराटा येई. गुरुजी रागावून देत नसत, अगदी सहजपणे देत. खराटा हातात घेणे वाईट नाही, पण तो कोणाच्या हातात आपोआप जातो हा प्रश्न आहे. त्या तासात मला जो अनुभव आला त्याला कार्याचा अनुभव म्हणता येणार नाही, तो व्यवस्थेचा होता.

आता टांझानियाला न्याय द्यायला हवा. तेथे आपल्यासारखी जात नाही. झाडूला जन्माने चिकटलेला समाज नाही. त्यामुळे शाळेत सर्व मुलांनी झाडावे हे न्येरेरे यांचे म्हणणे त्यांच्या भूमीत खरोखर समतेचे होते. जमातप्रमुखाचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एका रांगेत झाडणार होते. तेच वाक्य आपल्या भूमीत आणले की त्याचा अर्थ उलटा होतो. म्हणून परदेशातील शिक्षणविचार येथे आयात करणाऱ्यांनी आधी माती तपासावी, एवढे मात्र मी आग्रहाने सांगेन.

येथे फुल्यांच्या साक्षीतील एक गोष्ट उपयोगी पडते. त्यांनीही प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी केली होती. परंतु शेतीचे ज्ञान मागणे आणि शेतीची मजुरी करवून घेणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. कुणब्याच्या पोराला नांगर धरायला शाळेने शिकवण्याची गरज नव्हती. मातीचे गुण, पाण्याचा हिशेब, सावकाराच्या वहीतील आकडे वाचणे, याची होती. ज्ञानाने तो मुक्त झाला असता. शाळेतल्या मजुरीने तो होता तेथेच राहिला असता.

५

न्येरेरे यांच्या धोरणाचे पुढे काय झाले, ते पाहिल्याशिवाय टीका अपुरी राहील. आणि जे झाले ते एकरंगी नाही.

जेथे या धोरणाने लोकांना त्यांच्याजवळ नसलेली गोष्ट दिली, तेथे ते यशस्वी झाले. १९७० हे प्रौढ शिक्षणाचे वर्ष म्हणून जाहीर झाले. झाडाखाली, गिरणीत, सहकारी संस्थेच्या ओट्यावर वर्ग भरले. १९७३ मध्ये रेडिओ आणि गटचर्चा यांच्या जोडीने 'म्तु नी आफ्या', म्हणजे माणूस हेच आरोग्य, ही मोहीम चालली आणि गावोगाव संडास खणले गेले. १९६७ च्या सुमारास प्रौढांपैकी जेमतेम एकतृतीयांश साक्षर होते. १९८६ मध्ये सरकारी आकडा ९० टक्क्यांवर गेला. सरकारी आकड्याची थोडी घट धरली तरी हे काम फार मोठे आहे. १९७३ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द झाली. नोव्हेंबर १९७४ मध्ये मुसोमा येथे सत्ताधारी पक्षाने १९७७ पर्यंत प्रत्येक मूल शाळेत आणण्याचा ठराव केला. सातवी उत्तीर्ण तरुणांना शिकवता शिकवताच प्रशिक्षण देऊन हजारोंच्या संख्येने शिक्षक उभे केले गेले. १९८० च्या दशकाच्या आरंभी प्राथमिक शाळांत ३० लाखांवर मुले होती. त्याच काळात लोकांना सक्तीने नव्या गावांत हलवले गेले, हा या यशावरचा डाग आहे, आणि तो पुसू नये.

जेथे धोरणाने लोकांना आहे त्यात समाधान मानायला सांगितले, तेथे मात्र ते कोसळले. शाळेचे शेत अनेक ठिकाणी नावापुरते उरले. कोठे ते चुकार मुलांना शिक्षा देण्याचे ठिकाण झाले, कोठे शिक्षकाच्या स्वतःच्या शेतात मुले राबू लागली. उत्पन्नाचा निर्णय मुलांनी घ्यायचा, हा पुस्तिकेतील सर्वांत सुंदर भाग कागदावरच राहिला. आईबाप कुरकुरू लागले. कुदळ तर घरीही होती, पोराला शाळेत कशाला पाठवले, असे ते विचारीत.

आणि दार? प्राथमिक शाळा भरल्या, पण माध्यमिक शाळांच्या जागा सरकारने जाणीवपूर्वक मर्यादित ठेवल्या. १९६७ मध्ये १३ टक्के मुले पुढे जात होती आणि हे थोडे आहेत अशी खंत पुस्तिकेत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास घसरले. सर्वांना अक्षर मिळाले आणि पुढचा रस्ता अधिकच अरुंद झाला. जिल्हावार जागा वाटून मागास भागांना न्याय देण्याचा प्रयत्न सरकारने केला, आणि तो योग्यच होता. पण किलिमांजारोच्या उतारावर कॉफी पिकवणाऱ्या सधन शेतकऱ्यांनी वर्गणी काढून खाजगी माध्यमिक शाळा उभ्या केल्या. १९८० च्या दशकात खाजगी माध्यमिक शाळा सरकारी शाळांहून संख्येने अधिक झाल्या. समाजवादी सरकारने दार अरुंद केले. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी शेजारी आपले दुसरे दार पाडून घेतले. ज्यांच्याजवळ नव्हता ते शेतावर राहिले. श्रमाचे तत्त्वज्ञान त्यांच्या वाट्याला गेले.

भाषेचेही तसेच झाले. १९६७ पासून प्राथमिक शाळेचे माध्यम स्वाहिली करण्यात आले. ते धैर्याचे होते. शंभराहून अधिक जमातींच्या देशाला तिने एका धाग्यात गुंफले. पण माध्यमिक शाळेत पाऊल टाकताच माध्यम इंग्रजी होई. सात वर्षे ज्या भाषेत मूल विचार करायला शिकले, ती उंबऱ्याबाहेर चपलेसारखी काढून ठेवायची. १९८२ मध्ये अध्यक्षीय आयोगाने माध्यमिक शिक्षणही स्वाहिलीत आणण्याची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. लोकांची भाषा खालच्या वर्गांना आणि सत्तेची भाषा वरच्या वर्गांना, अशी वाटणी कायम राहिली. अशा वाटणीत मातृभाषेचा गौरवदेखील एक कुंपण होऊन बसतो.

पुढे कर्जाच्या विळख्यात सापडल्यावर १९८० च्या दशकातच पालकांकडून पुन्हा पैसे घेतले जाऊ लागले. शाळेतील मुलांचे प्रमाण घसरले आणि प्राथमिक शिक्षण पुन्हा निःशुल्क व्हायला २००१-०२ उजाडावे लागले. न्येरेरे १९८५ मध्ये सत्तेवरून स्वेच्छेने दूर झाले आणि १९९९ मध्ये वारले. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी त्यांचे विरोधकही शंका घेत नाहीत. म्हणूनच त्यांचे अपयश अभ्यासण्याजोगे आहे. अप्रामाणिक माणसाच्या अपयशातून आपण फक्त त्याला ओळखतो. प्रामाणिक माणसाचे अपयश धोरणातील दोष दाखवते.

६

बाबासाहेब आंबेडकरही त्या अरुंद दारातून गेले होते. कोलंबिया आणि लंडन पाहून ते परतले. परतल्यावर त्यांनी आपल्या माणसांना काय सांगितले? या दाराकडे पाहू नका असे सांगितले नाही. त्यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. मराठवाड्यासारख्या मागास भागात, जेथे साक्षरतेचीच वानवा होती, तेथे त्यांनी महाविद्यालय काढले. आधी सर्वांची प्राथमिक शाळा होऊ द्या, मग महाविद्यालयाचे बघू, असा क्रम त्यांनी मानला नाही. सत्तेच्या जागा उच्च शिक्षणातून जातात आणि त्या जागांवर आपली माणसे नसतील तर प्राथमिक शाळेचा मास्तरही आपला राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. शिका या शब्दापुढे त्यांनी संघटना आणि संघर्ष ठेवला, समाधान ठेवले नाही.

न्येरेरे आणि बाबासाहेब यांच्यातील हा फरक केवळ दोन व्यक्तींचा नाही. एकाने राष्ट्राच्या बाजूने शाळेकडे पाहिले आणि विचारले, या मुलाचा देशाला उपयोग काय? दुसऱ्याने मुलाच्या बाजूने पाहिले आणि विचारले, या शाळेचा या मुलाला उपयोग काय? गरीब देशाला पहिला प्रश्न विचारावाच लागतो, हे मी मान्य करतो. पण दुसरा प्रश्न विसरला गेला की पहिल्याचे उत्तर नेहमी गरिबाच्या मुलाकडून वसूल होते.

हा विचार आज का करायचा? भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला आहे. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, असे म्हटले आहे. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेचा पुरस्कारही आहे. कल्पना म्हणून दोन्ही चांगल्या आहेत, आणि मी त्यांना केवळ संशयाने नाकारणार नाही. परंतु प्रत्येक शिक्षकाने आणि कार्यकर्त्याने आपल्या तालुक्यात तीन गोष्टी मोजाव्यात. कोणाची मुले कोणाकडे काम शिकायला गेली? त्या दहा दिवसांनंतर कोण पुस्तकाकडे परतले आणि कोण परतले नाही? आणि हे धोरण लिहिणाऱ्यांची, राबवणाऱ्यांची मुले त्या दहा दिवसांत कोठे होती?

टांझानियाच्या अनुभवातून माझ्या हाती एक साधी कसोटी लागली आहे. शिक्षणधोरण किती मुलांना शेताकडे परत पाठवते यावरून त्याची परीक्षा करू नये. शेत सोडायचे की शेतात राहायचे, हा निर्णय किती मुलांना स्वतः घेता येतो, यावरून करावी. ज्याला सोडता येते आणि तरीही जो राहतो, त्याच्याच श्रमाला प्रतिष्ठा असते. ज्याला सोडताच येत नाही त्याच्या श्रमाला आपल्याकडे एक जुने नाव आहे. ते नाव वेठ असे आहे, आणि शाळेच्या वेळापत्रकात घातल्याने ते बदलत नाही.